दोन सरकारांतला संसार

अहो, भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच वाक्य बोलते. "आता कुठं दोघांनी एकत्र राहायचे दिवस आलते बघा, आणि असं झालं." मी मान हलवते. महिनाभर मान हलवून हलवून ती आखडलीय. या बायांना कसं सांगू, की ते दिवस येऊन गेले? चांगले पाच महिने मुक्कामाला होते, आणि आपल्या दोघांनाही ते झेपले नाहीत. नवरा नुकता गेलेल्या बाईनं असलं काही तोंडातून काढायचं नसतं. म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, म्हणा. पण माझं बोलणं शेवटापर्यंत ऐकून घ्यायची सवय तुम्हाला कधी नव्हती. ती आज लावून घ्या.

आपली सोयरीक जमली तेव्हा तुम्ही कणकुंबीच्या मराठी शाळेत गुरुजी आणि मी निपाणीहून रोज हद्द ओलांडून कागलला जाणारी नर्स. तुमची नोकरी कर्नाटक सरकारची, माझी महाराष्ट्र सरकारची. बैठकीत माझे मामा छाती फुगवून म्हणाले, "पोरीला काय बी त्रास न्हाय. वरीस-दोन वर्सात एकाची बदली करून घ्यायची." बदली एका सरकारातून दुसऱ्या सरकारात होत नसते, हे त्या सतरंजीवर बसलेल्या दहा-बारा शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. की आलं होतं, आणि जेवणं होईपर्यंत सगळे गप्प बसले? तुम्हाला तरी कळायला हवं होतं. पुढं कधीतरी मी विचारलं, तर म्हणालात, "मला कळलंतं. पण तू नको म्हणशील म्हणून बोललो न्हाय." बघा. म्हणजे सुरुवातच लपवाछपवीनं.

लग्नाआधी आपण दोनदा भेटलो होतो, लग्नानंतर महिन्यातून दोनदा भेटायला लागलो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की तुम्ही जांबोटीवरनं बेळगाव, बेळगावात गाडी बदलून निपाणी. पोचेपर्यंत दिवेलागण. रविवार तेवढा हातात. सोमवारी तांबडं फुटायच्या आधी पिशवी उचलून परत. "तू सोड नोकरी." "तुम्ही सोडा." हे भांडण आपण इतकं पुरवून पुरवून वापरलं, की आपली स्मिता तिसरीत असताना तिला दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या. तुम्ही नसताना ती दोन बाहुल्या समोरासमोर बसवून त्यांच्याकडून ते वदवून घ्यायची. एक बाहुली माझ्यासारखी कमरेवर हात ठेवून.

आणि ते पत्र! लग्नाच्या पहिल्याच वर्षी, झाडं पडून रस्ता बंद झाला म्हणून तुम्ही महिनाभर आला नाहीत. मी धीर करून दोन पानं लिहिली. नव्या नवरीनं जेवढं लिहावं त्याहून जरा जास्तच लिहिलं. आठवड्यानं पाकीट आलं. उघडते तर आत माझंच पत्र. लाल शाईनं तपासलेलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर गोल, दोन ठिकाणी परिच्छेद पाडायच्या खुणा, आणि सगळ्यात खाली तुमच्या त्या वळणदार अक्षरात: "आशय उत्तम. मलाही करमत नाही." रागानं मी दोन दिवस धड जेवले नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर लिहायला बसले, आणि प्रत्येक वेलांटीपाशी थांबून ती पहिली की दुसरी याचा विचार करत राहिले. त्याचा राग आणखी वेगळा.

स्मिताला टायफॉईड झाला ते आठवतं? ती दुसरीत होती. मी शेजारच्यांच्या फोनवरून शाळेजवळच्या पुंडलिकच्या हॉटेलात निरोप ठेवला. पाऊस कोसळत होता, गाड्या बंद. तुम्ही जांबोटीपर्यंत चालत आलात, तिथून लाकडाच्या ट्रकमधून, आणि तिसऱ्या दिवशी दारात उभे राहिलात तेव्हा स्मिताचा ताप उतरला होता आणि तुम्हाला चढला होता. मला एकाऐवजी दोन पेशंट. मी दारातच ओरडले, "आता आलाय व्हय! एवढं भिजत यायला कुणी सांगितलंतं?" तुम्ही थंडीनं कुडकुडत म्हणालात, "मग न्हाय यायला पाहिजे होतं?" मी टॉवेल आणायला आत गेले. पण आत गेल्यावर टॉवेल लगेच सापडला नाही, कारण मला काही दिसत नव्हतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझ्याकडनंही लपवाछपवी झालीच म्हणायची.

मोबाईल आले तेव्हा वाटलं, सुटलो. पण कणकुंबीत रेंज नव्हती. चोर्ल्याच्या रस्त्याला एका वळणावर, एका मोठ्या खडकापाशी तेवढी ती यायची. रोज संध्याकाळी साडेसहाला तुम्ही छत्री घेऊन तिथं चालत जायचात. आणि इतकं चालून बोलायचात काय? आज पाऊस किती झाला. कुणाची म्हैस व्याली. शाळेच्या मागं गवा येऊन उभा राहिलता. मी म्हणायची, अहो, मला अंगात कसकस आहे. तुम्ही म्हणायचात, "मग गोळी घे की." मला! जन्मभर लोकांना गोळ्या देणारीला! आणि मी जरा आवाज चढवला, की लगेच, "हॅलो... हॅलो... शालन, रेंज गेली गं." तुमची रेंज नेमकी माझ्या तोंडून खरं बाहेर पडायला लागलं की जायची.

तरीपण शनिवारी मी दुपारपासून दुसरी बाई असायची. खरं सांगते. ड्यूटीवरच्या पोरी मला चिडवायच्या, "सिस्टर, आज पाव्हणं येणार वाटतं." बत्तीस वर्षांचा संसार झालेल्या बाईला असं कुणी चिडवतं का? माझ्या बहिणी नवऱ्यांसमोर ताट घेऊन, न बोलता जेवणाऱ्या. मी मात्र पंधरा दिवसांचं साठवून ठेवायची आणि तुम्ही पिशवीतनं कोकम, मध, कधी फणसाचे गरे काढत काढत ऐकायचात. समोर असलात की ऐकायचात, हे मात्र कबूल करते. महिन्यातून दोनदा येणाऱ्या माणसावर रुसायला वेळ कुठला? रुसवा सोमवारपर्यंत लांबणीवर टाकायचा आणि सोमवारी तो कुणावर करायचा, तर तुम्ही गाडीत.

मग तुम्ही रिटायर झालात. हार, शाल, भाषणं, सगळं आटोपून एक ट्रंक आणि पुस्तकांच्या चार पिशव्या घेऊन निपाणीला आलात, आणि स्मिता पुण्याहून फोनवर रडली, "आई, शेवटी तुम्ही एकत्र!" मलाही वाटलं, शेवटी.

पाच महिने! अहो, तुम्ही माझे सगळे डबे हलवलेत. तीस वर्षं मी डोळे मिटून जिथं हात घालायची तिथं मोहरीऐवजी शेंगदाणे. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी, शाळेच्या अक्षरात. मी रात्रपाळी करून दिवसा झोपलेली, तर तुम्ही दारात उभं राहून हळू आवाजात, "झोपलीस? मेथीची भाजी कुठल्या कढईत करतीस?" बाहेर निघाले की, "कुठं? कितीला येणार?" तंबाखूच्या हंगामात आमची गल्लीच शिंकते, पण तुम्ही असे शिंकायचात, की शेजारचे विचारायला यायचे. हायवेच्या हॉर्ननं तुमची झोप मोडायची, आणि तुम्ही उठून बसलात की माझी. सगळं घर माझ्या हाताखालचं होतं, आणि त्यात एक मोठा माणूस दिवसभर हिंडत होता, ज्याला काय करावं ते कळत नव्हतं. तुमचा तरी काय दोष? तुम्ही माझ्या घरी पाहुणा म्हणूनच येत होता इतकी वर्षं. पाहुण्यानं अचानक कायमचं राहायचं म्हणजे दोघांचीही पंचाईत.

आणि एका दुपारी माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही रविवारपर्यंतच बरे वाटता."

तुम्ही चष्मा पुसलात. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणालात, "कणकुंबीच्या शाळेत एकच मास्तर राहिलाय. गणिताला कोण न्हाय. जाऊन येऊ काय महिनाभर?" मी एकदाही नको म्हटलं नाही. पिशवी मीच भरली. इतक्या उत्साहानं भरली, की तुम्ही हसलात आणि म्हणालात, "अगं, हाकलतीस काय?" स्टँडवरून घरी आले, दाराला कडी घातली, डबे जागच्या जागी लावले, आणि गाढ झोपले. संध्याकाळी साडेसहाला तुमचा फोन आला. शाळेच्या मागं पुन्हा गवा आलता. मला इतकं बरं वाटलं, अहो, की त्या गव्याचीसुद्धा चौकशी केली.

महिन्याचं दीड वर्ष झालं. पण त्या दीड वर्षातले शनिवार आपल्या संसारातले सगळ्यात चांगले होते. नोकरीनं अडवलंय म्हणून महिन्यातून दोनदाच येता, असं आता राहिलेलं नाही, हे मला माहीत होतं. यायचं ठरवून येता. मी स्टँडवर उभी राहायला लागले. एवढ्या वर्षांत कधी राहिले नव्हते.

आता त्या शुक्रवारचं बोलू. हेच बोलायला एवढं सगळं बोलले.

साडेसहाला फोन. तुम्ही सहज सांगावं तसं सांगितलंत, "डावा खांदा जरा भरून आलाय. काल पुंडलिकसंगं ओंडका ओढला." मी विचारलं, घाम येतोय? जबडा दुखतोय? दम लागतोय? तुम्ही म्हणालात, "तू नर्स आहेस म्हणून जगातला प्रत्येक खांदा हार्टचा नसतोय गं." मी ओरडले. होय, ओरडले. "आत्ताच्या आत्ता जीप करा आणि बेळगावला जाऊन कार्डिओग्राम काढा!" आणि तुम्ही म्हणालात, "हॅलो... हॅलो... ऐकू येईना शालन, रेंज..."

मी परत फोन लावला. एकदाच. उचलला नाहीत. मग मी स्वतःशी म्हटलं, उद्या शनिवार. उद्या येतायत. स्टँडवरूनच हाताला धरून दवाखान्यात नेते. नेहमीच्या शनिवारनं मला असं फसवलं. तुमचं तोंड समोर असतं तर मला दारातच कळलं असतं. हजार माणसांची तोंडं बघून मला कळलंय. तुमचं तेवढं फोनवर राहिलं.

सकाळी पुंडलिकचा फोन आला. पुढचं तुम्हाला माहीत नसेल, आणि मला सांगायचं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी तुमची खोली आवरायला कणकुंबीला गेले. पुंडलिकनं चहा आणून दिला, उंबऱ्यावर बसला, रडला. तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. स्मिता होती. मी बोलले, ठेवला, आणि मग माझ्या ध्यानात आलं.

"पुंडलिक, इथं रेंज येते?"

"व्हय की वैनी. टावर होऊन वरीस झालं. घरात बी येतीया, न्हाणीत बी येतीया."

"मग गुरुजी त्या खडकापाशी कशाला जायचे?"

तो जरा ओशाळला. "मी बी इचारलंतं. म्हनले, घरात बसून बोललो तर भांडान हुतंय. चालत बोललो तर हुईत न्हाय."

 एक वर्ष! वर्षभर तुम्ही मला 'रेंज गेली' म्हणून गप्प केलंत. आणि त्या शुक्रवारीसुद्धा. ते ध्यानात आलं तेव्हा मी तुमचा शर्ट घडी करत होते, तो मी भिंतीवर भिरकावला. पुंडलिक घाबरून उठला. मला तुमच्यावर इतकं चिडायचं होतं, आणि तुम्ही तिथं नव्हता. सगळ्या संसारात मी हेच करत आले, नाही का? तुम्ही नसलेल्या खोलीत तुमच्यावर चिडणं. मग मी तो शर्ट उचलला. चिखलाचा डाग होता कोपराशी. त्या वळणावर घसरला असाल. भांडण होऊ नये म्हणून पावसात एवढं चालत जाणारा माणूस, आणि त्याच्या खोटेपणावर मी चिडू की काय करू? मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही असता तर आपण हे भांडण निदान दहा वर्षं पुरवलं असतं.

घरी आल्यावर स्मिता माझ्याशी धड बोलेना. शेवटी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "आई, तू त्यांना परत जाऊ दिलंस. आप्पा इथं असते तर तू ओळखलं असतंस." माझ्या मनातलंच वाक्य तिनं माझ्या तोंडावर म्हटलं. मी म्हणू शकत होते, की तुझ्या आप्पांनी फोन कापला. जिभेवर आलं होतं. तिनं विचारलं, "शेवटचं काय बोलले ते?"

मी म्हटलं, "मला ऐकू येईना, म्हणाले."

खोटं नव्हतं. पोरगी रडली, मग माझ्याजवळ आली. तुमची लबाडी मी झाकलीय, एवढं लक्षात ठेवा. आणि मी परत एकदाच फोन लावला, हेही तिला सांगितलेलं नाही. आपली दोघांची बरोबरी झाली, असं समजते.

स्मिता पुण्याला गेली. परवा मी बेळगावला पेन्शनच्या कचेरीत गेले, तुमची पेन्शन माझ्या नावावर करून घ्यायला. टेबलाशी एक तरणा क्लार्क. कागद उलटसुलट करून आधी कानडीत बोलला, मग माझ्या तोंडाकडं बघून मराठीत.

"अम्मा, मृत्यूचा दाखला कणकुंबीचा. तुमचं आधार निपाणीचं. म्हणजे नवरा-बायको वेगळं राहत होता?"

"व्हय."

"भांडण होतं काय?"

"लई होती. पण त्यासाठी वेगळं राहत नव्हतो. नोकरीमुळं."

त्यानं पुन्हा कागद बघितले. "नोकरी तर संपलती की. रिटायर होऊन दोन वर्षं झालती त्यांना. त्यानंतर का वेगळं? कारण लिहावं लागतंय इथं. न्हायतर वर प्रश्न काढतात."

मागं रांग होती. काहीही सांगता आलं असतं. तब्येत, हवापाणी, शेती. तुमच्याकडनं थापा मारायला शिकले असते तर पटकन सुचलं असतं. पण मला त्या महिन्याभराच्या मान हलवण्याचा एकदम कंटाळा आला.

"लिहा," मी म्हटलं. "त्यांना तिथं आवडायचं. आणि मला ते तिथनं आलेले लई आवडायचे."

त्याचं पेन तसंच हातात. मागची एक म्हातारी फिसकन हसली. तो म्हणाला, "असं लिहायला येत न्हाय, अम्मा."

"मग कसं येतंय तसं लिहा. पण खरं लिहा."

त्यानं मग वाकून हळूहळू एक ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडं फिरवला. कानडी मला वाचता येतं, तुम्हीच शिकवलंत, रविवारी दुपारी. लिहिलं होतं: दोघांच्या खुशीनं.

एवढ्या वर्षांत आपल्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदा बरोबर लिहिलं, अहो. तेही कानडीत. मी खाली सही केली.